सात लहान, एक मोठा

९ फेब्रुवारी

धाकट्याची बायको आजपासून आमच्या कंपनीत. सकाळी साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत जमवून तिची ओळख करून दिली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या शेवटी थांबले. कुणाला बोलायला जागा नको.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, जहाजावर इंजिनिअर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. तो नसताना तिने दुसऱ्या गावात एकटीने कशाला राहायचं, म्हणून अप्पांनीच तिला इकडे बोलावलं. आमचा वरचा मजला रिकामाच होता. इथपर्यंत ठीक. पण नोकरीसुद्धा माझ्याच कंपनीत धरायची? या शहरात चिप डिझाइन करणाऱ्या कंपन्यांचा दुष्काळ पडलाय का?

अप्पा तिला 'सूनबाई' म्हणतात. मीही इथे तेच लिहीन. मनातलं नाव लिहिलं तर वही लाजेल.

संध्याकाळी घरी येताना तिने विचारलं, "ताई, ऑफिसात मी तुम्हाला मॅडम म्हणू का?"

मी म्हटलं, "म्हण की."

थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "नको, ताईच बरं."

मग विचारलं कशाला?

१६ फेब्रुवारी

वाईट दिवस.

आमची नवी चिप ज्यांच्यासाठी आहे ते लोक आले होते. डॉक्टरांच्या खिशात मावेल असं सोनोग्राफीचं यंत्र बनवताहेत. चित्र चौपट स्पष्ट हवं आणि बॅटरी तेवढीच. माझा उपाय सरळ होता. जो कोअर, म्हणजे चिपमधला आकडेमोड करणारा मेंदू, मी इतकी वर्षं वाढवत आणला, त्याचाच वेग आणखी वाढवायचा. नमुन्याची चिप घालून यंत्र सुरू केलं. चित्र सुरेख आलं. पण थोड्याच वेळात त्यांच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र टेबलावर ठेवून बोटं चोळली.

"हे पोटावर धरायचंय," त्या म्हणाल्या. "इस्त्री नव्हे."

सगळे हसले. सूनबाई हसली नाही. दया दाखवत असणार.

वेग वाढवायचा तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की उष्णता वेगाच्या कितीतरी पुढे पळते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! आजवर दर खेपेला कारखानेवाले ट्रान्झिस्टर आणखी लहान करून द्यायचे आणि माझं निभावून जायचं. आता लहान करूनही निभत नाही.

१९ फेब्रुवारी

साहेबांनी निकाल दिला. एकच मोठा कोअर पळवायचे दिवस संपले. एका चिपवर आठ लहान कोअर, सावकाश चालणारे, कमी तापणारे. काम आठांत वाटायचं. आणि हे लहान कोअर बाहेरून तयार विकत घ्यायचे.

म्हणजे माझी गरज काय उरली? कुणी विचारलं नाही, मीच बोलले. "चित्राचे तुकडे आठ जणांना वाटता येतील. पण शेवटी ते तुकडे जोडून हलणाऱ्या कडा जुळवायच्या, ते काम एकामागून एकच होतं. तिथे आठ काय, आठशे कोअर आणा. सगळे त्या एकाच्या तोंडाकडे बघत बसतील."

फार बरं वाटलं. मग सूनबाई उठून फळ्यापाशी गेली.

"ताईंचा मुद्दा बिनतोड आहे," ती म्हणाली. "म्हणून आठ लहान नकोत. सात लहान आणि एक मोठा. मोठा ताईंचा. जे वाटता येतं ते सात जण करतील, जे वाटता येत नाही ते त्याच्याकडे जाईल. त्याला काम नसेल तेव्हा झोपवून ठेवू, म्हणजे तापणार नाही."

साहेब म्हणाले, मोठ्याला जागा फार लागते, परवडायचं नाही. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्याशी भांडली. आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. शेवटी साहेब थकून हो म्हणाले. "पण मग हे जमवून आणायची जबाबदारी तुझी. प्रकल्पाची प्रमुख तू."

बघा! माझ्याच मुद्द्यावर पाय देऊन वर चढली. आणि माझा कोअर आता कोपऱ्यात, झोपवलेला. घरातल्या म्हाताऱ्या आत्यासारखा. अडलं की उठवायचं.

७ मार्च

अप्पा ड्रॉइंगमास्तर होते. निवृत्त झाल्यापासून माझ्या प्रत्येक चिपचा आराखडा मोठा करून जलरंगात रंगवतात. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या वर माझ्या गेल्या चिपचं चित्र होतं. होतं म्हणायचं, कारण आज घरी आले तर ते खाली उतरवून भिंतीला टेकवलेलं. टेबलावर नवा कागद. लहान चौकोन, त्यांच्यामधून गल्ल्यांसारखी जाळी, मधोमध सगळ्यांची सामाईक साठवण.

"अगं, हे रंगवायला काय मजा येतेय!" अप्पा म्हणाले. "प्रत्येक घर वेगळं, मधे रस्ते. तुझ्यात नुसता एक ठोकळा असायचा."

"ठोकळा?"

"म्हणजे... छान ठोकळा गं."

मोठा चौकोन तेवढा कोरा होता. विचारलं तर म्हणाले, "सूनबाई म्हणाली, तो रंग ताईंना विचारून द्या."

"कुठलाही द्या," मी म्हटलं आणि आत गेले. उपकार नकोत.

२९ मार्च

ती घरीही काम आणते आणि जेवणाच्या टेबलावर पसरते. आज अप्पांना समजावत होती. मी वर्तमानपत्र धरून बसले होते, पण कान तिकडेच.

"अप्पा, समजा एकाच रुग्णाची माहिती आठ डॉक्टरांकडे आहे. प्रत्येकाकडे आपली आपली नक्कल. एकाने औषध बदललं आणि आपल्या कागदावर लिहिलं, तर बाकीच्यांचे कागद?"

"शिळे झाले."

"शिळे! आणि त्यांना कळलं नाही तर माणूस गेला. प्रत्येक कोअरच्या हाताशी अशी छोटी साठवण असते. तिला कॅश म्हणतात. मुख्य साठ्यापर्यंत दर वेळी जायचं म्हणजे वेळ फार जातो, म्हणून नकला जवळ ठेवायच्या. पण मग कुणाकडे कुठली ओळ, म्हणजे माहितीचा कुठला तुकडा आहे, कुणी बदलली, कुणाची फेकायची, याचे नियम लागतात. ते नियम मी लिहितेय."

"म्हणजे कोअर करणं सोपं, त्यांच्यात गोडीगुलाबी ठेवणं अवघड," अप्पा म्हणाले आणि दोघंही हसली.

कोअर करणं सोपं! मी माझी तरुण वर्षं ज्यात घातली ते सोपं! आणि पूर्वी अप्पा हे सगळं मला विचारायचे. मी चिडून सांगायचे, ते खरं. कामाच्या वेळी कोण समजावत बसणार?

१५ एप्रिल

सापडली!

तिने नियमांचा मसुदा सगळ्यांना वाचायला पाठवलाय. मी आधी वाचणारच नव्हते. आज वाचला, आणि चाळिसाव्या पानावर आले तशी खुर्चीत ताठ झाले.

मोठ्या कोअरकडे एक ओळ आहे, ताज्या बदलासकट, फक्त त्याच्याकडेच. जागा हवी म्हणून तो ती साठ्याकडे परत धाडतो आणि स्वतःकडची पुसतो. नेमकी त्याच वेळी एखादा लहान कोअर तीच ओळ मागतो. साठ्याच्या हिशेबी ओळ अजून मोठ्याकडेच आहे, म्हणून तो मागणी मोठ्याकडे पाठवतो. परत येणारी ओळ आणि जाणारी मागणी वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. मागणी पोचते तेव्हा मोठ्याचे हात रिकामे. साठा उत्तराची वाट बघत त्या ओळीचं बाकी सगळं अडवून धरतो, परत आलेली ओळसुद्धा! लहान थांबतो, त्याच्यामागे बाकीचे थांबतात. चिप जागच्या जागी थिजते.

सहज घडणार नाही. पण घडलं की बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि डॉक्टर तेव्हा कुणाच्या तरी पोटातलं बाळ बघत असणार.

विकत घेतलेल्या लहान कोअरांत याची काळजी आधीच घेतलेली आहे. प्रश्न फक्त माझा कोअर आणि तिचे नियम यांच्या सांध्यावर आहे. त्या पानावर तिने लिहूनही ठेवलंय, 'मोठ्याच्या बाजूचं ताई बघतील'. म्हणजे स्वतःला जमलं नाही ते माझ्या गळ्यात.

हे पकडायला डोकं लागतं. सांगून टाकायचं? छे. अकरा मेला मोठी बैठक आहे, सगळ्यांसमोर, ते सोनोग्राफीवालेही असतील. तिथे फळ्यावर दोन बाण काढीन, एकमेकांना ओलांडणारे. बोलायचीही गरज पडायची नाही.

आज जेवण छान लागलं.

२३ एप्रिल

आमच्या डिझाइनची तपासणी करणाऱ्या माणसाला सगळे शंकासुर म्हणतात. सगळ्यावर संशय घेणं हीच त्याची नोकरी. आज तो चहाच्या मशीनपाशी उभा होता, डोळे तांबारलेले. म्हणाला, "मॅडम, काल चाचणीत चिप एकदा थिजली. नुसती थिजली. तीच चाचणी पुन्हा लावली, तर सुरळीत चालली."

मी म्हटलं, "अशा गोष्टी होतात."

"माझ्याकडे होत नाहीत," तो म्हणाला.

३० एप्रिल

सूनबाईने आज तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, मसुदा वाचलात का? विशेषतः तुमच्या कोअरची बाजू?"

"वाचतेय," मी म्हटलं.

"तुम्ही एकदा नजर टाकलीत की मला झोप लागेल."

गोड बोलणं हिच्याकडून शिकावं. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. प्रमुख व्हायची हौस होती ना.

संध्याकाळी धाकट्याचा जहाजावरून फोन आला. आवाज तुटत होता. "ताई, सांभाळून घे तिला. तिकडची मोठी नोकरी सोडून आलीय ती, तुझ्याबरोबर काम करायचं म्हणून. तुझा तो जुना कोअर तिने कॉलेजात पाठ केला होता, तुला सांगितलं नाही तिने?"

धाकटा लहानपणापासून भोळा. कुणी काहीही सांगावं आणि याने मान डोलवावी.

४ मे

शंकासुराने रजा रद्द केली. त्याच्या मुलीचं शाळेत नाटक होतं, ती चांदोबा झाली होती म्हणे. तो इथेच बसून चाचण्या लावत होता. मी त्याच्या टेबलाजवळून दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला त्याने बायकोने पाठवलेला फोटो दाखवला. पुठ्ठ्याचा चंदेरी चंद्र आणि मधे एवढंसं तोंड.

मी म्हटलं, "गोड आहे." काम करायला त्याला कुणी सांगितलं होतं? घरी जायचं.

११ मे

लिहायला बसले, पण धड सुचत नाही.

बैठकीला सगळे होते. सूनबाईने तासभर मांडणी केली. चांगली केली, खोटं कशाला बोलू? मग साहेबांनी विचारलं, कुणाला काही अडचण? मी पेन उचललं, उठणारच होते. पण माझ्याआधी शंकासुर उभा राहिला.

"एकदा चिप थिजली. मोठा कोअर कामात असताना. पुन्हा थिजवता आली नाही, म्हणून कारण सांगता येत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मोठा, मोठा! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. त्याच्यात खरंच काही खोट असेल तर मोठा काढून टाकू. तिथे आठवा लहान बसतो, तयार आहे, तपासलेला आहे. चित्र थोडं उशिरा येईल, आलं तर आलं." त्या डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली. "बोला. कुणाला काही ठोस माहीत आहे?"

सूनबाई म्हणाली, "मला वाटतं मोठा राहावा. ताई?"

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यात दोन्ही बाण तयार होते. ते फळ्यावर काढले असते तर ती तोंडावर पडली असती, आणि माझा कोअर त्याच मिनिटाला कचऱ्यात गेला असता. एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर दुरुस्तीला पुष्कळ वेळ होता. आता नव्हता.

मी पेन खाली ठेवलं. "माझ्या बाजूने ठीक आहे."

सूनबाईचा जीव असा काही भांड्यात पडला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. डिझाइन मंजूर. महिनाअखेर कारखान्याकडे जाणार.

१२ मे

कशाचंच काही नाही. ऑफिसात गेले, आले.

१४ मे

आज त्या डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, त्यांच्या डोंगरातल्या दवाखान्यात मोठं यंत्र नाही, म्हणून बाळाचे ठोके सापडेनात की बाईला दिवसभराच्या वाटेवर पाठवावं लागतं. "हे खिशात असलं की तिथल्या तिथे कळेल."

मी मान डोलावली. मला एकदम वाटलं की माझी मान कुणीतरी दुसरंच डोलावतंय.

सूनबाईचं नाव होईल, झालंच तर. आणि चिप थिजली तरी तिचंच होईल. मला आवडायला हवं होतं ते.

१७ मे

सांगितलं.

रविवारची दुपार. गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. मोठी चादर घडी करायला तिने दोन टोकं माझ्या हातात दिली, आणि मी एका दमात सगळं सांगितलं. ओळ, मागणी, एकमेकींना ओलांडणं. तिने डोळे मिटून ते मनात चालवून पाहिलं. तिला पटायला काहीच वेळ लागला नाही.

"अरे देवा," ती म्हणाली. "हो. हो, अडकेल." आणि मग, अगदी हळू, "ताई, तुम्हाला हे केव्हा कळलं?"

'काल कळलं' असं म्हणायचं ठरवून वर आले होते. तोंडातून निघालं, "पंधरा एप्रिलला."

तिने चादर ताणून धरली. "मी चुकले ते चुकले. ते मी निस्तरलं असतं. पण मी तुम्हाला तीनदा विचारलं. तीनदा! आणि तो बिचारा पोरीचं नाटक सोडून बसला होता, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"का पण? मी तुमचं काय वाकडं केलंय?"

तिला सांगू काय, की अप्पांनी सोफ्यावरचं चित्र उतरवलं? की सगळे तुझ्याशी बोलताना हसतात? एवढी मोठी बाई मी.

चादरीची दोन टोकं अजून तिच्या हातात होती. तिने ती सोडली नाहीत. घडी पूर्ण केली, चादर माझ्या हातावर ठेवली आणि जिना उतरून गेली.

१८ मे

ती सकाळी एकटीच साहेबांकडे गेली. दार बंद. मी माझ्या जागेवर बसून राजीनाम्याचे शब्द जुळवत होते.

बाहेर आल्यावर तिने सगळ्यांना बोलावलं. "माझ्या नियमांत चूक आहे. ती अशी." फळ्यावर दोन बाण काढले, एकमेकांना ओलांडणारे. "साहेबांनी तीन आठवडे दिलेत. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही, तर मोठा काढायचा."

माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आणि साहेब म्हणाले, "स्वतःच्या कामातली चूक स्वतः पकडून स्वतः सांगायला आली. माझ्या उभ्या नोकरीत असं माणूस पाहिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चूक मी पकडली होती! माझ्या आयुष्यात मी इतकं बारीक काही पकडलं नाही, आणि टाळ्या तिला! देवा, मी काय बाई आहे. काल रात्री रडले आणि आज पुन्हा पोटात दुखतंय.

२ जून

दुरुस्ती सोपी दिसते. मोठ्याने ओळ परत धाडली तरी स्वतःकडची लगेच पुसायची नाही. साठ्याकडून 'मिळाली' अशी पोच येईपर्यंत धरून ठेवायची, मधे कुणी मागितली तर तिथून द्यायची. पण धरून ठेवायला जागा लागते, आणि माझ्या कोअरमध्ये तसूभर जागा मोकळी नाही.

जागा एकाच ठिकाणाहून निघू शकते. कामाची पुढची वाट कुठली असेल हे आधीच ताडणारा एक तक्ता मी बसवला होता. माझा सगळ्यात लाडका भाग. त्याचा अर्धा कापावा लागेल. वेग किंचित उतरेल.

सूनबाई ऑफिसात माझ्याशी कामापुरतं बोलते. "ताई, जागा मिळेल का?"

"मिळेल," मी म्हटलं. कुठून, ते तिने विचारलं नाही. पण आराखडा उघडून बघत राहिली बराच वेळ.

घरी अप्पा दोघींकडे आळीपाळीने बघतात आणि जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारतात.

८ जून

शंकासुराने अशी चाचणी लिहिली की दोन्ही बाण दर खेपेला एकमेकांना ओलांडतील. आधीच्या डिझाइनवर लावली, चिप थिजली. नव्या डिझाइनवर लावली, चालली. तो टेबलावर डोकं टेकून हसत होता. मग मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावजयीचं डोकं म्हणजे काय! हे तिला दिसलं तरी कसं?"

मी म्हटलं, "दिसलं खरं."

डिझाइन कारखान्याकडे गेलं. आता काही महिने वाट बघायची.

२० ऑक्टोबर

चिप आली. आज चालू करून पाहिली, आणि मी जे केलं ते लिहायला हवं.

डॉक्टरीणबाई होत्या, साहेब होते, सगळे दाटीवाटीने. सूनबाईने मनगट पुढे केलं. बाईंनी यंत्र त्यावर टेकवलं, आणि पडद्यावर तिच्या मनगटातल्या शिरा, स्नायूंच्या दोऱ्या, सगळं हलताना दिसायला लागलं. तिने बोटं मिटली, उघडली. चित्र एकदाही अडखळलं नाही. कडा माझा कोअर जुळवत होता. यंत्राची पाठ जेमतेम कोमट.

साहेब रंगात आले. पाहुण्यांना सांगू लागले, ही चिप कशी बुडणार होती आणि आमच्या या मुलीने लाखात एखादी सापडावी अशी चूक कशी पकडली. सूनबाई अवघडली. "साहेब, ते जाऊ दे ना," असं दोनदा म्हणाली. साहेब थांबेनात. ओलांडणारे बाण त्यांनी हवेत काढून दाखवले, तेही चुकीचे काढले!

"मी पकडली ती," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले असणार, कारण सगळे वळले. चांगुलपणाने बोलले असं मी इथे लिहू शकते, पण ते खरं नाही. मला सहन झालं नाही, एवढंच.

साहेब हसले. "अच्छा? तुम्ही दोघींनी मिळून?"

"मी एकटीने."

"केव्हा?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा सरळ पाहिलं. तिने एक शब्द टाकला असता तर मी निसटले असते. तिने टाकला नाही, आणि तेच बरोबर होतं.

"पंधरा एप्रिलला," मी म्हटलं. "महिनाभर सांगितलं नाही. हिला प्रमुख केलं म्हणून माझा जळफळाट होत होता. मी सांगितलं तेव्हा ती तुमच्याकडे आली, आणि तिने माझं नाव झाकलं."

पडद्यावर तिच्या मनगटाचं चित्र तसंच चालू होतं.

शंकासुर गर्दीत मागे उभा होता. तो वळला आणि बाहेर निघून गेला.

२३ ऑक्टोबर

साहेबांनी बोलावलं. "तुम्हाला काढून टाकावं असं माझ्या मनात होतं. ती नको म्हणाली. पुढच्या चिपमध्ये तुमच्या हाताखाली कुणी नाही. तुम्ही कुणाच्या हाताखाली, ते तिने ठरवलंय."

मला वाटलं, तिच्याच. पण नाही. तपासणीत, शंकासुराच्या हाताखाली.

त्याच्या खोलीत गेले. माफी मागितली. माझ्या शब्दांना काही वजन नव्हतं, मलाच ऐकू येत होतं. त्याने पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "मुलगी अजून विचारते, बाबा आले का नव्हते." मग, "खुर्ची तिकडे ठेवा. खिडकीपाशी नको, पडद्यावर ऊन येतं."

७ नोव्हेंबर

सूनबाईशी संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. मी विचारलं, "राग गेला का गं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटलं का, सगळ्यांसमोर सांगून?"

"नाही. साहेबांनी बाण चुकीचे काढले ना, ते आधी खटकलं."

तिला हसू आलं, ते तिने आवरलं. बॅगेतून कागदांचा जाडजूड गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला. पुढच्या चिपचे नियम, सोळा कोअरांचे. "अजून कुणी वाचलेले नाहीत. वाईट काय ते शोधा. आणि ताई, सापडलं की त्याच दिवशी."

८ नोव्हेंबर

सकाळपासून वाचतेय. चहा दोनदा गार झाला.

कसं सुचतं हिला? कुणाकडे कुठली ओळ आहे याची नोंद एकाच ठिकाणी ठेवली की तिथे गर्दी होते, म्हणून हिने नोंदच वाटून टाकलीय, प्रत्येक कोअरच्या शेजारी थोडी थोडी. अकराव्या पानावरची युक्ती मला सात जन्मांत सुचली नसती. ती वाचून मी उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पोटात ते ओळखीचं दुखणं. ते काही जाणार नाही माझ्या पोटातून, आता मी त्याच्या मागे लागणं सोडलंय.

पुन्हा बसले. सतराव्या पानाशी पेन्सिल थांबली. दोन कोअर एकाच क्षणी एकच ओळ सोडतात तेव्हा ती किती जणांकडे उरली याची मोजणी एकाने चुकते. चार वेळा तपासलं. चुकतेच.

अप्पांनी विचारलं, "कुठे निघालीस, जेवायला वाढतोय ना?" मी म्हटलं, "आलेच." गठ्ठा घेऊन जिना चढले आणि दार वाजवलं.

तिने उघडलं. केस ओले होते, खांद्यावर टॉवेल. "काय झालं?"

"सतरावं पान," मी म्हटलं.

ती दारातून बाजूला झाली.